वय वर्षे ७१, सातबाऱ्यावर अज्ञान

दहावीला मराठीत ८४ मार्क होते मला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेले आठ महिने प्रत्येक टेबलामागचा माणूस माझ्याशी असा बोलतोय की जणू मी कालच परमुलखातून आलोय. आणि खरं सांगू? त्यांचं मराठी मला येतच नाही.

अण्णा मागच्या वर्षी गेले. वारस नोंद लावायची म्हणून १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. अण्णांच्या नावाशेजारी तीन अक्षरं: अ.पा.क., आणि पुढे आजीचं नाव. मला वाटलं, टायपिंगची चूक असेल. तलाठ्याकडे गेलो. तलाठी म्हणायचं नाही आता, २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पदाचं नाव बदलायला सुचलं यांना, कागदावरचा एक शब्द सोपा करायला नाही सुचलं. असो. भाऊसाहेब म्हणाले, "अज्ञान पालनकर्ता."

"कोण अज्ञान?"

"तुमचे वडील."

माझा हात शिवशिवला होता, खोटं कशाला बोलू. मग कळलं की महसूल खात्यात अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, वयाची १८ वर्षं पूर्ण न झालेला. १९६१ ला आजोबा वारले तेव्हा अण्णा ८ वर्षांचे होते. जमीन त्यांच्या नावावर, पालनकर्ती आजी. त्या साली बरोबरच होतं ते. १९७१ ला अण्णा सज्ञान झाले. लग्न झालं, आम्ही झालो, दोनदा पंचायतीवर निवडून आले, नातवंडांची बारशी केली आणि ७१ व्या वर्षी गेले. सातबाऱ्यावर शेवटपर्यंत अज्ञानच. शेरा आपोआप जात नाही, अर्ज करावा लागतो. पण ती तीन अक्षरं म्हणजे काय हेच ज्याला कळत नाही, तो अर्ज कशाचा करणार?

माझा सगळा राग इथेच आहे. शब्द अवघड असते तर चाललं असतं. डॉक्टर लॅटिन बोलला तर आपण विचारतो तरी, की साहेब म्हणजे काय. हे शब्द ओळखीचे असतात, म्हणून आपण मान डोलावतो आणि घरी येतो. 'फेरफार' घ्या. आमच्या आत्याला कुणीतरी सांगितलं, "तुमच्या जमिनीचा फेरफार झालाय." म्हातारी रात्रभर झोपली नाही. तिच्या लेखी फेरफार म्हणजे लबाडी, कुणीतरी कागदात काहीतरी घुसडलं. प्रत्यक्षात गाव नमुना ६ मध्ये हक्कातल्या बदलाची साधी नोंद झाली होती. 'कूळ' म्हटलं की आपल्याला कुलदैवत आठवतं. तिकडे कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. आणि सातबारा म्हणजे तरी काय? आमच्या ऑफिसातल्या एका शिकलेल्या माणसाला तो अपूर्णांक वाटत होता, सात छेद बारा. अरे बाबा, गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२, दोन फॉर्म एका कागदावर. सातात जमीन कुणाची, बारात पीक कुठलं. एका वाक्यात सांगून होतं. शाळेत दहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. भूगोलात टुंड्रा प्रदेश मात्र पाठ होता.

आत्यावरून आठवलं. आजोबा गेले तेव्हा तिचंही नाव लागलं होतं, पण कुठे, तर 'इतर हक्क' या रकान्यात. त्या रकान्यात काय काय असतं माहितीय? सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट. आणि त्यांच्या रांगेत आमची आत्या, 'इतर'. जुन्या नोंदींत बहिणींची नावं सर्रास तिथेच टाकलेली सापडतील. आत्याला इतकी वर्षं वाटत होतं की तिचं नाव "उताऱ्यावर आहे". आहे की. बोज्याच्या खाली.

आता मापं. इथे माझं डोकं खरोखर सटकतं.

अण्णा म्हणायचे, आपली दोन एकर. एकराचे ४० गुंठे, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हे ३३ कुठून आलं, तर साहेबाच्या साखळीतून. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून नव्यानं मोजणी आणि आकारणी, म्हणजे शेतसारा ठरवणं, सुरू केली. त्याआधीची प्रिंगल नावाच्या साहेबाची आकारणी पार फसली होती. म्हणजे बघा, पहिली पद्धत चालत नाही हे साहेबाला दहा वर्षांच्या आत कळलं आणि त्यानं ती बदलली. आमच्याकडे दशमान पद्धत येऊन साठ वर्षं झाली तरी गावात गुंठा, सातबाऱ्यावर आर आणि रजिस्ट्रारकडे चौरस मीटर. चावडीवर बसलेला कुणीही ठोकून देतो, "आर म्हणजेच गुंठा हो." नाही! आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६ चौरस फूट. गुंठ्याला १३ चौरस फुटांचा फरक, एक माणूस आडवा झोपेल एवढा. दोन एकराला ८० वेळा तो झोपवा, जवळजवळ एक गुंठा इकडचा तिकडे. डांबरी रस्त्याला लागून जमीन असेल तर तेवढ्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं.

आमच्यात झालंच. उताऱ्यावर ०.८१.०० लिहिलंय, म्हणजे शून्य हेक्टर, ८१ आर, शून्य चौरस मीटर. धाकट्या चुलतभावानं ते वाचलं पाऊण एकराच्या जरा वर. "दादा, दोन एकर होती ना? सव्वा एकर कुणी खाल्ली?" असं त्यानं मला फोनवर विचारलं. मी खाल्ली! पुण्यात भाड्याच्या घरात राहतो मी. समजावून सांगितलं तर दुसरा प्रश्न, "मग लागवडीला ७५ च का? सहा कुठंय?" सहा आर पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी धरलेली जागा. ओढ्याकाठची खडकाळ पट्टी होती, म्हणून तिला आकारणी नाही. अण्णांनी तीस वर्षांपूर्वी गाळ टाकून ती सपाट केली, आज तिथे ऊस उभा आहे, कागदावर मात्र खडक. हा 'वर्ग अ'चा पोटखराब असेल तर २०१८ पासून लागवडीखाली आणून घेता येतो. 'वर्ग ब' असेल, म्हणजे रस्ता, नाला, सार्वजनिक वापरातली जागा, तर नाही. हे मला पाचव्या खेपेला कळलं. पहिल्या चार खेपांना भाऊसाहेब नुसतं "पोटखराबा आहे तो" एवढंच म्हणत होते, आणि मी "हां हां" करत होतो.

या वर्ग अ-बची गल्लत वर्ग १-२ शी करू नका. भोगवटादार वर्ग २ म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. आमच्या ओळखीच्या एकानं "वर्ग दोन म्हणजे जरा हलकी जमीन असेल" असं समजून इसार दिला होता. हलकी! पैसे अजून अडकलेत त्याचे.

आणि 'भोगवटादार'च का? मालक का नाही? मी विचारलं एका वकिलाला. ते हसले. म्हणाले, सातबारा हा मालकीचा पुरावाच नाही, सारावसुलीसाठी ठेवलेली नोंद आहे, कोर्टांनी कितीदा सांगितलंय. बरं. मग पीककर्जाला काय मागतात? सातबारा. पीकविम्याला? सातबारा. शेतकरी असल्याचं सिद्ध करायला? तोच. पुरावा नसलेल्या कागदावर अख्खा देश चाललाय आणि त्यात माझाच बाप अज्ञान.

मोजणीचं ऐका. शेजारी दरवर्षी नांगराचं एकेक तास आमच्या बांधात घालतो. दहा वर्षांत बांधाचा वरंबा झाला. म्हणून हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. पूर्वी मोजणीचे प्रकार असायचे साधी, तातडी, अति तातडी आणि अति अति तातडी. शपथेवर सांगतो, हे सरकारी नाव होतं, माझा विनोद नाही. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच ठेवलेत. मी द्रुतगतीचे पैसे भरले. ती द्रुत गती कुठल्या तालात होती ते सांगत बसत नाही.

मोजणीदार आले, सोबत ते उपग्रहाशी बोलणारं रोव्हर यंत्र. चांगला पोरगा होता, त्याच्यावर राग नाही. तास-दीड तासात म्हणाला, "काका, आकारबंदाला ७८ आहे, सातबाऱ्याला ८१, वहिवाट आणखी वेगळी. कजाप बघावं लागेल. गटाचं फाळणी टिपण आहे का? एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर काय?" मी नुसता बघत राहिलो. चुलतभाऊ माझ्याकडे बघत राहिला. शेजारी बांधावर बसून तंबाखू मळत होता, तो मात्र गालात हसत होता. कजाप म्हणजे कमी-जास्त पत्रक, क्षेत्रात झालेल्या बदलाचा हिशेब. आकारबंद म्हणजे कुठल्या नंबराचं क्षेत्र किती आणि त्यावर आकार किती याची मूळ यादी. फाळणी टिपण म्हणजे जमिनीचे हिस्से पाडतानाच्या मोजणीची नोंद, आणि एकत्रीकरण म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून गट करणं. हे मी त्या रात्री शोधून वाचलं. शेतात उभं असताना मला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

तरी खुणा केल्या. चुना टाकला, दगड रोवले, आमची हद्द शेजाऱ्याच्या उसात सहा फूट आत निघाली. मी म्हटलं, चला, झालं. तर पोरगा म्हणतो, "आम्ही हद्द दाखवतो काका, कब्जा देत नाही. त्याला वेगळं." क प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा, हातात आली, एकदम देखणी. तिसऱ्या दिवशी दगड गायब.

मग आजोबांचं खरेदीखत काढलं, म्हटलं त्यात तरी चतुःसीमा असेल. आहे. पूर्वेस एका माणसाचं शेत, जो माझ्या जन्माआधी वारलाय. पश्चिमेस ओढा, जो सरकत सरकत आमच्या पोटखराबात आलाय. आणि खाली ते सुंदर वाक्य: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त. वाचताना छाती फुगते, वाटतं आजोबांनी पाताळापर्यंत सगळं विकत घेतलं होतं. तेच वाक्य तोंडात घोळवत मी भाऊसाहेबांना विचारलं, माळाचा थोडा मुरूम काढून वाटेवर टाकू का? म्हणाले, "हात लावू नका, गौण खनिज आहे. खनिज सरकारचं." तरू तोडायचा तर परवानगी. निधी, म्हणजे हंडा सापडलाच, तर त्यालाही १८७८ चा कायदा आहे. राहिलं तृण. आणि 'गौण' म्हणजे किरकोळ असं समजू नका, बिनपरवाना उचललं तर बाजारभावाच्या पाचपट दंड बसतो.

शेवटी अ.पा.क. शेरा काढायचा अर्ज परवा दिला. त्याशिवाय वारस नोंद पुढे सरकत नव्हती. भाऊसाहेबांनी कागद वरून खाली पाहिला आणि विचारलं, "सज्ञान झाल्याचा पुरावा?"

जन्मनोंद सापडत नाही, शाळा पडून गेली. मी अण्णांचा मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यावर वय लिहिलंय, ७१.

"चालतंय का बघतो," म्हणाले. "पुढच्या मंगळवारी या."