कायदा एक, अवसायन वेगळं

एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्थांसाठी केंद्राचा बहुराज्य सहकारी संस्था कायदा आहे. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला आता, सभेत हजर राहून मत देणाऱ्या सभासदांच्या दोन तृतीयांश बहुमतानं, बहुराज्य संस्थेत विलीन होता येतं. महाराष्ट्रातला वाद ‘सहकार राज्याचा की केंद्राचा’ याभोवतीच फिरतो आहे. नोंदणी हलली की सभासदाच्या हातचं काय जातं, हे त्यात फारसं कुणी विचारत नाही.

नोंदणी कुठे आहे यावर किती अवलंबून असतं, हे युरोपात दिसतं. युरोपीय संघानं २००३ मध्ये ‘युरोपीय सहकारी संस्था’ हा प्रकार आणला. तो २००६ पासून लागू आहे. निदान दोन सदस्यदेशांत राहणाऱ्या पाच व्यक्ती ३०,००० युरो भागभांडवल उभं करून अशी संस्था काढू शकतात. कल्पना उत्तम, पण इतक्या वर्षांत अशा संस्था फार थोड्या निघाल्या. मुख्य अडचण नियमावलीतच आहे. लेखापरीक्षण, गुंतवणूकदार सभासद (संस्थेच्या सेवा न घेता फक्त पैसे घालणारे), अवसायन (संस्था बंद करून तिचा हिशेब मिटवणं), अशा प्रत्येक अवघड जागी ती नोंदणीच्या देशातल्या कायद्याकडे बोट दाखवते. करांना तर ती हातच लावत नाही.

अवसायनाचंच बघा. इटलीत कर-सवलती घेणाऱ्या सहकारी संस्थेची देणी भागवून, भागभांडवल परत करून जे उरतं ते सहकारविकासाच्या निधीत जातं. सभासदांना वाटता येत नाही. नेदरलँड्समध्ये पोटनियमांत वेगळी तरतूद नसेल तर तीच शिल्लक सभासदांना मिळते. पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या राखीव निधीचं भवितव्य असं नोंदणीच्या पत्त्यावर ठरतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या देशांच्या ‘ओहाडा’ संघटनेनं २०१० मध्ये सहकारी संस्थांचा एकच कायदा मंजूर केला, तो सदस्यदेशांत थेट लागू होतो. मला तो रस्ता जास्त प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडे पैशाचे नियम बरेच जुळलेले आहेत. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत, हे दोन्ही कायद्यांत आहे. फरक दाद मागण्यात पडतो. महाराष्ट्राच्या कायद्यात कलम ९१ खाली सभासद सहकार न्यायालयात जातो. बहुराज्य कायद्यात कलम ८४ खाली केंद्रीय निबंधक लवाद नेमतात. समजा, आठ हजार सभासदांच्या संस्थेत सभेला तीनशे जण आले, तर दोनशे मतांत हा बदल सगळ्यांवर लागू होतो. म्हणून विलीनीकरणाच्या सभेच्या नोटिशीतच वाद कुठे चालतील, निवडणूक कोण घेईल आणि भाग परत कसे मिळतील हे छापणं सक्तीचं करावं, आणि मत सभेपुरतं न ठेवता सर्व सभासदांकडून लेखी घ्यावं.