आधी परवाना, मग रँकिंग

आमच्या सांगलीच्या घरच्या ग्रुपवर सध्या भाच्यावरून रणधुमाळी चालू आहे. फायनान्सच्या मास्टर्सला लंडन आणि स्वित्झर्लंडमधलं सेंट गॅलन, दोन्हीकडे त्याला प्रवेश मिळालाय. दाजींचं मत ठाम: "रँकिंग बघायचं आणि डोळे झाकून जायचं." फायनान्शियल टाइम्सच्या यादीचा फोटो ते रोज टाकतात.

दाजी, यादी छापणारे तिकडे राहण्याचा-कामाचा परवाना देत नाहीत. त्या यादीत पदवीनंतर तीन वर्षांनी मिळणाऱ्या पगाराला मोठं वजन असतं, पण त्यात युरोपीय पासपोर्टवाली पोरंही मोजलेली असतात. त्यांना स्वित्झर्लंडात नाहीतर जर्मनीत परवान्यासाठी कुठे रांगेत उभं राहायचंय? सेंट गॅलनचं नाव मोठं, फी लंडनपेक्षा कितीतरी कमी. पण नोकरी शोधायला स्वित्झर्लंड आपल्याला देतं सहा महिने. लंडनला आज दोन वर्षं मिळतात; 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच. मी राहते त्या जर्मनीतही दीड, पण पुढे ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, बी-वन म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर 21 महिन्यांत कायमचा परवाना. वीस-पंचवीस वर्षांचं करिअर करायचं तर आधी हे बघावं. हे मी लिहिलं, त्यावर ताईने हात जोडल्याची इमोजी टाकली. म्हणजे गप्प बस.

आणि भाषा! "फायनान्स सगळीकडे इंग्रजीतच" असं सांगलीत बसून म्हणायला काय जातं? फ्रँकफुर्टच्या आमच्या ऑफिसात मीटिंगा इंग्रजीतच होतात, पण बाफिनचं, म्हणजे जर्मनीच्या वित्तीय नियामकाचं, पत्र आलं की दोन मिनिटांत सगळी खोली जर्मनवर जाते. ज्याला कळत नाही तो एक्सेलमध्ये डोकं घालून बसतो. बढतीच्या वेळी तो कुणाला आठवत नाही.

काल दाजींनी विचारलं, "म्हणजे मग तू कायमची तिकडेच?" मी ब्लू कार्डच्या नियमांची लिंक टाकून मोकळी झाले. खरं तर माझा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज भरून तयार आहे, पाठवला मात्र नाही. भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळेल. त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. मला कुठे हळद लावायचीय! पण तेवढं एक कलम वाचलं की डोकं फिरतं, आणि अर्ज पुन्हा पुढच्या महिन्यावर जातो.