आगळाने यकृत धुतलं जात नाही

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. रोज अनशापोटी कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा घट्ट रस, घ्या, 21 दिवसांत यकृत धुऊन निघेल, व्यायामाची गरज नाही. शेवटी एक दिलासा: दारू न पिणाऱ्या, मासे-भात खाणाऱ्या कोकणी माणसाला फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठण्याचा आजार, होतच नाही. मला सगळ्यात घातक वाटतो तो हा दिलासा.

दारूला कधी शिवलेलाही नाही अशा माणसाला फॅटी लिव्हर होतो. सुटलेलं पोट, मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) ही त्याची नेहमीची सोबत. आपल्याकडे वजन बेताचं असूनही चरबी पोटात साठते, म्हणून काट्यापेक्षा कंबर मोजावी: पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली की डॉक्टरांशी बोलावं. दुखत-खुपत काहीच नाही. एसजीपीटी, ही यकृताची रक्ततपासणी, नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त होता येत नाही. अनेकांना हा आजार भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत कळतो.

आता मासे-भात. बांगडा, तारली यांत ओमेगा-3 चांगलं असतं, त्याबद्दल वाद नाही. पण रवा लावून तळलेली तुकडी, शेजारी भाताची रास आणि वर साखरेच्या पाकातलं कोकम सरबत, हे रोजचं झालं तर मासा एकटा काय करणार? जास्तीच्या साखरेची आणि पिठूळ अन्नाची चरबी यकृतातच बनते. नांगरणी-लावणी करणाऱ्याला, दिवसातून चारदा पाखाडी (पायऱ्यांची चढण) चढणाऱ्याला तेवढा भात जिरायचा. आता वाडीत दारापर्यंत स्कूटर जाते. ताट बदलायला नको, प्रमाण बदला: भात निम्मा, कुळथाची पिठी आणि भाजी जास्त, मासा तळण्याऐवजी कालवणात.

आगळाबद्दल थोडक्यात. यकृत म्हणजे तुंबलेलं गटार नव्हे. अमोनियाचा युरिया करणं, औषधं निकामी करणं ही कामं ते स्वतःच अखंड करत असतं. आगळात मीठ भरपूर, रक्तदाब असलेल्यांनी ते रोज अनशापोटी पिऊ नये. सोलकढीला माझी काहीच हरकत नाही. मात्र कोकमाच्याच कुळातल्या मलबारी चिंचेच्या अर्काच्या ‘वजन उतरवणाऱ्या’ गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्या घेऊच नका.

आणि व्यायाम? खरं औषध तेच, आणि मजकुरात नेमकं तेच उडवून लावलंय. आठवड्याला 150 मिनिटं दम लागेल असं चालणं, पोहणं, सायकल यांनी वजन तसूभर हललं नाही तरी यकृतातली चरबी घटते, कारण राबणारे स्नायू साखर आणि चरबी वापरतात आणि इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. सोबत वजन 5 टक्के उतरलं तर चरबी आणखी कमी होते. 7 ते 10 टक्के उतरलं तर सूजही ओसरते. म्हणजे 80 किलोच्या माणसाला 6 ते 8 किलो, तेही काही महिन्यांत, हळूहळू. उपाशी राहून झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

‘समुद्रातलं सारं यकृताला पोषक’ असंही त्या मजकुरात लिहिलंय. ते सगळ्यांना लागू नाही: ज्यांना सिरोसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) आहे त्यांनी कालवं (ऑयस्टर) कच्ची किंवा अर्धवट शिजवलेली खाऊ नयेत, आणि पायाला जखम असताना खाडीत उतरू नये. खाऱ्या पाण्यातल्या व्हिब्रिओ जिवाणूंचा संसर्ग अशा रुग्णांच्या जिवावर बेतू शकतो.