ऑल्टर्निटी वाईट होता म्हणून बंद झाला नाही

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्सची, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायच्या खेळांची, चर्चा रंगली की एक विधान हमखास फिरतं : "ऑल्टर्निटी चांगला असता तर बंद पडलाच नसता. नियम उलटे आणि किचकट होते, विज्ञानकथेच्या खेळांना गिऱ्हाईक नव्हतं, उरलंसुरलं हॅस्ब्रो या खेळणी कंपनीनं संपवलं." यातला एकही तुकडा नीट तपासला तर टिकत नाही.

आधी खेळाची ओळख. बिल स्लाविसेक आणि रिचर्ड बेकर यांनी रचलेला, विज्ञानकथेवरचा ऑल्टर्निटी १९९८ साली टीएसआर या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या मूळ प्रकाशकाच्या नावानं आला. टीएसआर तेव्हा स्वतंत्र राहिली नव्हती, १९९७ मध्येच ती विझार्ड्स ऑफ द कोस्टनं विकत घेतली होती. २००० मध्ये ही मालिका थांबली.

"नियम उलटे आणि किचकट." उलटे म्हणजे इथे लहान आकडा चांगला. एखाद्या कामातला तुमच्या पात्राचा स्कोअर, म्हणजे कौशल्याचा आकडा, १४ असेल तर वीस बाजूंचा फासा टाकून १४ किंवा त्याखाली आलं की साधं यश, ७ किंवा खाली आलं की चांगलं, ३ किंवा खाली आलं की अफलातून यश. म्हणजे काम झालं की नाही आणि किती छान झालं, दोन्ही एकाच फेकीत कळतं. परिस्थिती सोपी किंवा अवघड असेल तर सोबत दुसरा फासा येतो : सोप्यासाठी त्याचा आकडा वजा, अवघडासाठी अधिक. गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, फक्त पायरी सांगायची असते; दर पायरीला फासा मोठा होतो. "अंधार आहे, दोन पायऱ्या अवघड" म्हटलं की खेळाडू सहा बाजूंचा फासा उचलतो. दुरुस्त्यांची यादी जुळवत बसावं लागत नाही. दोन-चार फेकी झाल्या की हात बसतो.

खरी खोट दुसरीकडे आहे आणि ती कबूल करायला हवी. पायऱ्यांची उंची सारखी नाही. स्कोअर १४ धरून हिशेब करा. दुसरा फासा नसेल तर यशाची शक्यता ७० टक्के. एक पायरी अवघड, म्हणजे चार बाजूंचा फासा, की ५७.५. पुढे सहाला ५२.५, आठाला ४७.५, बाराला ३७.५ आणि विसाला जेमतेम २३. पहिल्याच पायरीला साडेबारा टक्के जातात, पुढच्या दोनांना पाच-पाच, शेवटी एकदम पंधराच्या आसपास. "दोन पायऱ्या" या शब्दांचं वजन त्यामुळे दर ठिकाणी वेगळं पडतं आणि नव्या गेम मास्टरचा अंदाज चुकतो. दोष आहे, पण अवघडपणाच्या पायऱ्या जरा जपून लावल्या की टेबलावर निभतो. यासाठी कुणी अख्खी मालिका बंद करत नाही.

"विज्ञानकथेला गिऱ्हाईक नाही." ट्रॅव्हलर हा विज्ञानकथेचा खेळ १९७७ पासून चालत आला होता. वेस्ट एंड गेम्सचा स्टार वॉर्स १९८७ पासून दहा वर्षांहून अधिक विकला गेला. आणि सर्वांत ठसठशीत पुरावा विझार्ड्सनंच दिला. ऑल्टर्निटी थांबवला त्याच वर्षी, नोव्हेंबर २००० मध्ये, त्यांनी स्वतःचा स्टार वॉर्स रोलप्लेइंग गेम बाजारात आणला. त्याच्या रचनाकारांतलं एक नाव बिल स्लाविसेक! ज्या घरातून अवकाशातला एक खेळ बाहेर गेला, त्याच घरात त्याच वर्षी अवकाशातलाच दुसरा आला.

उत्तर इथेच सापडतं. प्रकाशकाकडे रचनाकार, संपादक, चित्रकार मोजके असतात. दुकानातला फळीवरचा हातभर पट्टाही मोजकाच. छापील किमतीतून वितरक आणि दुकानदाराचा वाटा गेल्यावर प्रकाशकाच्या हाती साधारण ४० टक्के येतात, आणि त्यातूनच छपाई, मानधन, गोदाम भागवायचं. मूळ पुस्तक सगळे घेतात. पुढची पूरक पुस्तकं बहुधा फक्त गेम मास्टर घेतो. पाच जणांच्या टेबलावर एक गिऱ्हाईक. म्हणून दर पूरक पुस्तकागणिक खप घसरतो, आणि घसरतो तो खेळ वाईट असल्यामुळे नव्हे. अशा वेळी प्रकाशक "हा खेळ चांगला आहे का?" असं विचारत नाही. "याच माणसांचे हेच सहा महिने दुसऱ्या कशावर लावले तर जास्त येतील का?" असं विचारतो. समोर जगभर माहीत असलेलं नाव आणि परवान्यापोटी भरलेली रक्कम असेल, तर निकाल आधीच लागलेला असतो.

शिवाय त्यांना एकच नियमसंच सगळीकडे चालवायचा होता. ऑगस्ट २००० मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आली, सोबत डी-ट्वेंटी प्रणाली, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर चालणारा तो सामायिक नियमसंच, आणि तो इतरांनाही वापरू देणारा खुला परवाना. स्टार वॉर्सही त्याच प्रणालीवर बेतला. ऑल्टर्निटीचा फासा लहान आकडा मागणारा, डी-ट्वेंटीचा मोठा. त्याचं प्रत्येक पुस्तक या योजनेच्या बाहेर पडत होतं.

मालिकेची आखणीही अंगाशी आली, आणि हे खापर नियमांवर फोडणं अन्याय आहे. तीन वर्षांत चार जगं, म्हणजे खेळातल्या कथा घडायच्या चार वेगळ्या पार्श्वभूमी : १९९८ मध्ये स्टार ड्राइव्ह, १९९९ मध्ये डार्क मॅटर, २००० मध्ये गॅमा वर्ल्ड आणि स्टारक्राफ्टचा संच. दूरच्या ताऱ्यांवर जाणाऱ्याला आजच्या काळातल्या गुप्त कटांचं पुस्तक नको असतं. वाचक वाटला गेला. जुनी टीएसआर डार्क सन, रेव्हनलॉफ्ट, प्लेनस्केप, बर्थराइट अशी जगं एकामागून एक काढून याच खड्ड्यात पडली होती.

"हॅस्ब्रोनं संपवलं." हॅस्ब्रोनं विझार्ड्स विकत घेतली ती सप्टेंबर १९९९ मध्ये. तिसरी आवृत्ती त्याआधीच, ऑगस्टमधल्या जेन कॉन या खेळांच्या मेळाव्यात, जाहीर झाली होती आणि तिचं काम त्याच्याही आधीपासून चालू होतं. मोठ्या मालकाचा नफ्याचा तगादा असेलही, पण दिशा आधीच ठरली होती.

राहिलं "बंद म्हणजे टाकाऊ". टाकाऊ वस्तू कुणी परत परत वापरत नाही. स्टार ड्राइव्ह २००४ साली डी-ट्वेंटी फ्यूचर या पुस्तकात परतला, डार्क मॅटरचं २००६ मध्ये नव्या नियमांवर स्वतंत्र पुस्तक निघालं. २०१७ मध्ये रिचर्ड बेकर सामील असलेल्या सॅस्क्वॉच गेम स्टुडिओनं ऑल्टर्निटी याच नावानं नवा खेळ काढायला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे केले, आणि लोकांनी ते दिले. जुन्या प्रती शोधत असाल तर प्लेअर्स हँडबुक आणि गेममास्टर गाइड अशी दोन्ही पुस्तकं घ्या, एकावर खेळ पुरा होत नाही. आणि पहिल्या बैठकीआधी वरची टक्केवारी कागदावर लिहून गेम मास्टर आपल्या नोंदी झाकायला समोर उभा करतो त्या पडद्याच्या मागच्या बाजूला चिकटवा.