‘देश एक, कायदा एक’ म्हणून सामान बांधण्याआधी

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सार असा: निपाणी, बेळगाव, गोवा, बंगळूर, कुठेही राहायला जा, कायदे सगळीकडे सारखेच, पगार आणि घरभाडं बघा, बाकी डोक्याला ताप नको. हा सल्ला ऐकून लोक निर्णय घेतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘घटनेनं कुठेही राहायचा हक्क दिलाय.’ दिलाय, कलम 19 मध्ये. पण जमीन, दारू, गाडीचा टॅक्स हे विषय त्याच घटनेनं राज्यांकडे सोपवलेत. जायला कुणी अडवत नाही, मात्र गेल्यावर तिथलेच नियम लागू होतात.

‘गाडीचा टॅक्स एकदा भरला की झालं.’ नाही. एमएच 09 ची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी लागते. तिथला टॅक्स भरायचा आणि इथल्या उरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करायचा.

‘शेतजमीन कुणीही, कुठेही घेऊ शकतो.’ आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. कर्नाटकानं ही आडकाठी 2020 साली काढली. गोव्यानं उलट 2023 च्या कायद्यानं बंधन घातलं. तीन शेजारी राज्यं आणि तिघांची तऱ्हा वेगळी!

‘जातीचा दाखला देशभर चालतो.’ या वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. स्थलांतर करून आलेल्याला नव्या राज्याच्या नोकरभरतीत किंवा प्रवेशात त्या राज्याचं आरक्षण मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1990 पासून वेळोवेळी सांगितलंय. केंद्राच्या नोकऱ्यांतला हक्क कायम राहतो. पण कर्नाटक सरकारच्या भरतीवर भिस्त ठेवून कुणी घर हलवत असेल, तर त्याला हे आधी कळायलाच हवं.

‘मुलांना कुठेही शिकवा, नीटचे मार्क महत्त्वाचे.’ मार्क लागतातच, पण सरकारी मेडिकलच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवास दाखला हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. काही सरकारी नोकरदारांच्या मुलांना तेवढी सूट आहे. कर्नाटकात साधारण अट पहिली ते बारावीत सात वर्षं तिथं शिकल्याची. आता नववीत मूल घेऊन बेळगावला गेलेलं कोल्हापूरचं कुटुंब बघा. मुलाची तिथं चारच वर्षं भरतात आणि इकडची दहावी-बारावी हातून जाते. दोन्हीकडचा कोटा गेला! सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्राची सवलत आहे, पण ती तिथल्या रहिवासी मराठी मुलांसाठी. परवा राहायला गेलेल्यांनी तिच्यावर विसंबू नये. इंजिनिअरिंगला आई किंवा वडिलांच्या अधिवास दाखल्यावर मार्ग निघतो, मेडिकलला तेवढं सोपं नाही.

आणि मार्ग काढायचाच असेल, तर तो निघण्याआधी काढायचा. अधिवास दाखला कोल्हापुरातून आधीच काढून ठेवा. नोकरी निपाणीत असेल, तर मुलाची शाळा आणि पुढचं कॉलेज कागलात ठेवता येतं. रोजची एसटी परवडते, गेलेली जागा परत मिळत नाही.