शब्द सुचवणारी पट्टी बंद करू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: कीबोर्डवरची शब्द सुचवणारी पट्टी ताबडतोब बंद करा. ती तुमचं लिखाण चोरते, पोरांचं शुद्धलेखन बिघडवते. आणि ज्यांना टाइप जमत नाही त्यांनी सरळ माइकवर बोलावं.

आधी शेवटचा मुद्दा घेतो, कारण राग त्याचाच आलाय. आमच्या वाडीतले एक काका जन्मभर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, होते. अर्धांगवायूने उजवा हात गेला, जीभ जड झाली. माइकला त्यांचं बोलणं कळतच नाही. डाव्या अंगठ्याने ते ‘बां’ लिहितात, वर ‘बांगडा’ येतो, त्यावर बोट टेकवतात आणि जेटीवरच्या मुलाला निरोप जातो. ‘ग्रामपंचायत’ अख्खं लिहायचं तर इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर ११ कळा लागतात. अधू हाताला त्यातली कुठलीही चुकू शकते. गालाच्या हालचालीवर लिहिणाऱ्या स्टीफन हॉकिंग यांना २०१४ साली मिळालेल्या नव्या यंत्रणेतही शब्द सुचवणारं सॉफ्टवेअरच होतं. अशा माणसाला ‘बोला की’ म्हणणं निर्दयपणाचं आहे.

चोरीचं म्हणाल तर काळजी रास्त, उपाय चुकीचा. आपण टाइप करतो ते कीबोर्ड अॅपला दिसतंच, पट्टी असो वा नसो. म्हणून रंगीबेरंगी थीमच्या मोहाने कुठलंही अनोळखी कीबोर्ड अॅप टाकू नका. शब्द सुचवण्याचं काम मात्र बहुतेक वेळा फोनमध्येच होतं. डेटा आणि वायफाय बंद करून टाइप करून बघा, शब्द येतच राहतील.

शुद्धलेखनाबाबत मेसेजवाल्याने दोन गोष्टींची गल्लत केलीय. पट्टी फक्त शब्द पुढे ठेवते, घ्यायचा की नाही ते आपल्या हातात. न विचारता शब्द बदलतं ते ऑटोकरेक्ट. मालवणीत लिहिणाऱ्यांना त्याचा जाच होतो हे खरं. ‘माका’, ‘खंय’ त्याला चुकाच वाटतात. मग तेवढंच बंद करा. पट्टी राहू द्या, आणि आपले शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात घाला, म्हणजे ‘खंय’सुद्धा सुचवला जाईल.

हा मेसेज वाचून घरच्या कुणा वयस्कर माणसाची पट्टी बंद केली असेल, तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन आजच चालू करून द्या. आणि पुढच्या वेळी हात लावण्याआधी त्यांना विचारा.