मेल जात नाही? ट्रान्सपोर्टवाल्याला सोडा, आधी माल निघालाय का बघा

कोल्हापुरातल्या दुकानांच्या, कारखान्यांच्या साइट बनवणाऱ्या पोरांत एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतो: "फॉर्मवरून मेल जात नसेल तर दोष जीमेलचा. लेस सिक्युअर ॲप्स चालू करा, पोर्ट २५ टाका, नाहीच झालं तर पीएचपीचं साधं मेल फंक्शन वापरा. लोकलला चालतंय म्हणजे कोड बरोबर आहे."

शेवटचं वाक्य सगळ्यात महागात पडतं, म्हणून सुरुवात तिथूनच. लोकल म्हणजे आपला स्वतःचा कॉम्प्युटर, बहुतेकदा विंडोजवरचं झॅम्प (साइट घरच्या घरी चालवून बघायचं पॅकेज), आणि सर्व्हर असतो लिनक्स. बाहेरच्या लायब्ररी ठेवायचा व्हेंडर फोल्डर गिटइग्नोरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फायलींच्या यादीत) असतो, त्यामुळे सर्व्हरवर गिट पुल करून कोड ओढला की आपला कोड येतो, पीएचपीमेलर ही मेल पाठवणारी लायब्ररी येत नाही. एरर लॉगमध्ये 'क्लास नॉट फाउंड' पडलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला पांढरं पान दिसतं. या घडीला जीमेलशी एक अक्षरही बोलणं झालेलं नसतं. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (हवेचं भोक) निघाला तर उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कोणी ट्रान्सपोर्टवाल्याची कॉलर धरत नाही!

लायब्ररी आणून देणाऱ्या कम्पोजर या टूलची जेसन फाइल आहे त्या फोल्डरमध्ये जाऊन 'कम्पोजर इन्स्टॉल' चालवा. 'अपडेट' नको. इन्स्टॉल लॉक फाइलमधली ठरलेली व्हर्जन आणतं, अपडेट नवी शोधत बसतं. 'नो-डेव्ह' लावून इन्स्टॉल करत असाल तर मेलर चुकून 'रिक्वायर-डेव्ह'मध्ये (फक्त डेव्हलपमेंटला लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) तर नाही ना, हे बघा. तिथे असला तर तो गुपचूप वगळला जातो, तक्रारसुद्धा येत नाही. शेअर्ड होस्टिंगवर टर्मिनल नसेल तर सर्व्हरवरच्याच पीएचपी व्हर्जनवर लोकलला इन्स्टॉल करा आणि व्हेंडर झिप करून चढवा. हजारो बारक्या फायली एफटीपीने सुट्या पाठवल्या की चार-दोन राहतातच. हाताने इन्क्लूड करत असाल तर फोल्डरच्या नावातली लहान-मोठी अक्षरंही तपासा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.

लायब्ररी आली, तरी 'एक्स्टेन्शन मिसिंग: ओपनएसएसएल', म्हणजे सुरक्षित कनेक्शनसाठी लागणारा पीएचपीचा भाग सापडत नाही? टर्मिनलवर पीएचपीची मॉड्यूल यादी काढली की ओपनएसएसएल दिसतं, म्हणून माणूस चक्रावतो. टर्मिनलची आणि वेबची पीएचपी आयएनआय (सेटिंगची) फाइल बऱ्याचदा वेगळी असते. पीएचपीइन्फोच्या पानावर 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' कोणती ते बघा, त्याच फाइलमध्ये ओपनएसएसएलच्या ओळीच्या सुरुवातीचा अर्धविराम (;) काढा आणि साइटसाठी पीएचपी चालवणारं एफपीएम किंवा अपाची रीस्टार्ट करा. ते पान नंतर पुसून टाका.

'लेस सिक्युअर ॲप्स'चा (नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या ॲपला जीमेल वापरू द्यायचा) सल्ला तर शिळा झालाय. खासगी खात्यांसाठी गूगलने ती सोय ३० मे २०२२ लाच बंद केली. आता टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. लॉगमध्ये ५३५ (लॉगिन नाकारल्याचा आकडा) दिसला तरच पासवर्डकडे वळा, कारण तो आकडा समोरच्या मेल सर्व्हरपर्यंत पोचल्यावरच मिळतो.

पोर्ट २५ सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी आहे, आणि बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं २५ अडवूनच ठेवतात. मेल पाठवायला ५८७ ला स्टार्टटीएलएस (आधी साधं कनेक्शन, मग कुलूप), ४६५ ला सुरुवातीपासून टीएलएस, म्हणजे कुलूपबंद कनेक्शन. ही जोडी उलटी लावली की कनेक्शन लटकतं किंवा तुटतं. 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' आलं तर पडताळणी बंद करायचा शॉर्टकट घेऊ नका. छोट्या डॉकर इमेजमध्ये (ॲप चालवायच्या तयार साच्यात) सर्टिफिकेट तपासायला लागणारं सीए-सर्टिफिकेट्स पॅकेज बऱ्याचदा नसतं, ते टाका.

मेल फंक्शनलाही सेंडमेलसारखा प्रोग्रॅम लागतोच आणि पीएचपीच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये तो नसतो. शिवाय ते 'ट्रू' देतं याचा अर्थ मेल पुढे सोपवला, एवढाच. पोचल्याची पावती नव्हे ती. चप्पल लाईनमधल्या, कोल्हापुरी चपलांच्या बाजारातल्या, दुकानाच्या फॉर्ममध्ये 'फ्रॉम'ला गिऱ्हाइकाचाच पत्ता टाकला की एसपीएफ, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का याच्या तपासण्या) नापास होऊन मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो. फ्रॉम आपल्या डोमेनचा ठेवा, गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये.

खरं काय बिनसलंय ते बघायला पीएचपीमेलरची एसएमटीपीडीबग ही सेटिंग (मेल सर्व्हरशी झालेलं बोलणं दाखवणारी) २ वर ठेवून एक मेल सोडा आणि पहिली एरर वाचा, शेवटची नव्हे. काम झालं की ० करा, नाहीतर ते सगळं संभाषण गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर छापलं जाईल.